जुन्या फटफटीचा ब्रेक : नावाने नव्हे, मापाने मागा



तेंदूपानाचा हंगाम आटोपला, हातात चार पैसे आले आणि मिरग तोंडावर आला. या दिवसांत आपण घरावरचे कवेलू फेरतो, वखराची पास पाजवून आणतो, बियाणे पाखडून ठेवतो. पण ओसरीत उभी असलेली फटफटी मात्र तशीच राहते. ती चालू होते ना, मग झाले! चालू होण्याचे सगळ्यांना कौतुक. ती थांबते की नाही याची चौकशी कोणी करीत नाही.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे फटफटी ही चैनीची वस्तू कधीच नव्हती. एसटी दिवसातून एकदोनदा येणार, आणि नाल्याला पूर आला की तीही येणार नाही. दवाखाना लांब, बँक त्याहून लांब. खताची बॅग, दुधाची कॅन, धानाचा ४० किलोचा कट्टा, परीक्षेला निघालेली पोर, तापाने फणफणलेले म्हातारे माणूस, सारे काही याच दोन चाकांवरून जाते. समोर लेकरू, मागे बायको आणि तिच्या मांडीवर पिशवी, हे दृश्य बाजाराच्या दिवशी मूल-सावलीच्या रस्त्यावर आणि धानोऱ्याच्या रस्त्यावरही दिसते.

रस्त्याच्या दोन्ही अंगांनी जंगल. दिवस कलला की रानडुक्कर, चितळ, कधी म्हशींचे खांड अचानक आडवे येते. ताशी ४० किलोमीटरच्या वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. जनावर दिसून आपला हात-पाय ब्रेकवर पडेपर्यंत तो एक सेकंद सहज निघून जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच ११ मीटर संपले. पुढे थांबायला लागणारे अंतर वेग दुप्पट केला की चौपट होते. गेल्या काही वर्षांत आलापल्ली-आष्टी-चामोर्शीच्या वाटेवर सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक धावू लागले आहेत. त्यांच्या मागे फटफटी चालवणाऱ्याने हा हिशेब मनात ठेवावा.

नव्या गाडीचे सोपे असते. एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या दुचाकींना एकत्रित ब्रेक किंवा चाक जाम होऊ न देणारी व्यवस्था सक्तीची झाली आहे, आणि भाग दुकानात मिळतात. अडचण जुन्या गाड्यांची आहे. आपल्याकडे अजून राजदूत आहेत, येझदी आहेत, यामाहा आरएक्स १०० आहे, पहिल्या पिढीची हिरो होंडा आहे, आणि पाटलाच्या वाड्यात एखादी बुलेट आहे. बापाने घेतलेली गाडी मुलगा विकायला काढत नाही. विकून येणार किती? आणि नवीची किंमत ऐकली की जुनीच बरी वाटते. त्यात मला काही चूक दिसत नाही. जुनी गाडी ठेवावी, पण तिचा ब्रेक नवा असावा.

यातल्या प्रत्येक गाडीची कुंडली वेगळी आहे आणि भाग मिळणे, न मिळणे त्यावरच अवलंबून असते. राजदूत १७५ ही एस्कॉर्ट्सची. ट्रॅक्टरमुळे आपण ही कंपनी ओळखतो. पोलंडमधल्या एसएचएल गाडीच्या धर्तीवर १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ती निघाली आणि दूधवाल्यांची, ग्रामसेवकांची गाडी झाली. तिची छोटी बहीण जीटीएस १९७३ च्या ‘बॉबी’ सिनेमात झळकली, म्हणून तिला आजही लोक बॉबी म्हणतात. राजदूत बनायची बंद होऊन वीस वर्षांच्या घरात झाली. एस्कॉर्ट्सने नंतर यामाहाशी हात मिळवला. १९८५ मध्ये आरएक्स १०० आली आणि १९९६ मध्ये थांबली. येझदी म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याची. तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. हिरो होंडाची सीडी १०० ही १९८५ ची. दोन्ही कंपन्या पुढे वेगळ्या झाल्या, पण हिरोचे दुकान तालुक्याला आहे. बुलेटवाल्याला सर्वात कमी काळजी, कारण मद्रासमध्ये १९५५ पासून सुरू झालेली ती परंपरा तुटलेली नाही, आणि जुन्या बुलेटचे ब्रेकचे भाग बनवणारे पुष्कळ आहेत.

येझदीवाल्यांना मुद्दाम सांगतो. २०२२ मध्ये येझदी हे नाव पुन्हा बाजारात आले आहे. ते पाहून कोणी शोरूममध्ये जाऊन जुन्या गाडीचे ब्रेक शू मागू नयेत. नव्या गाडीला डिस्क ब्रेक आहेत. नाव तेच, पण आतले सारे वेगळे.

‘नाव तेच, भाग वेगळा’ ही गोष्ट केवळ येझदीपुरती नाही. आपला माणूस दुकानात जातो आणि म्हणतो, “राजदूतचा लायनर द्या.” दुकानदार फळीवरून एक पुडा काढून देतो. त्यावर ‘राजदूत’ असे छापलेलेही असते. पण कोणत्या सालची राजदूत, पुढच्या चाकाचा की मागच्या, मधे कोणी हब बदलला आहे का, हे त्या पुड्याला काय ठाऊक? तीस-चाळीस वर्षांत गाडीचा चक्का किती वेळा खोलला गेला आणि कोणत्या भंगारातला हब तिला बसला, हे कित्येकदा मालकालाही माहीत नसते. एकच बियाणे दोन नावांनी आणि दोन बियाणी एकाच नावाने विकली जाताना आपण पाहिली आहेत. म्हणून पिशवीवरचे चित्र न पाहता प्रमाणित बियाण्याची निळी चिठ्ठी पाहावी, असे मी तुम्हांला वर्षानुवर्षे सांगत आलो. ब्रेकच्या बाबतीत त्या चिठ्ठीचे काम मोजपट्टी करते.

धानोरा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचे उदाहरण सांगतो. वडिलांची राजदूत. मागचा ब्रेक लागेना म्हणून त्याने आठवडी बाजाराच्या गावातून नवे शू आणले. ते ड्रमपर्यंत पोहोचेनात. मिस्त्रीने परत पाठवायला हवे होते. पण परत जायचे म्हणजे ४० किलोमीटर, आणि रोवणीचे दिवस. तेव्हा कॅम आणि शू यांच्या मधे पत्र्याचा तुकडा दुमडून घातला. ब्रेक झकास लागू लागला. पंधरा दिवसांनी चिखलाच्या रस्त्यावर तो तुकडा सरकला, कॅम आडवा अडकला आणि मागचे चाक जागच्या जागी जाम झाले. गाडी आडवी झाली. त्याला खरचटले, बायकोचा हात मोडला. रोवणीच्या ऐन वेळी बाईचा हात गळ्यात बांधलेला असला तर त्या घराचे काय होते, हे तुम्हांला सांगायला नको. त्या वर्षी त्यांची अर्धी बांधी मजुरीने रोवून घ्यावी लागली.

पत्र्याचा तुकडा घालणे ही आपल्याकडची सर्रास रीत आहे. ती बंद झाली पाहिजे. याच्याच जातीची दुसरी युक्ती म्हणजे कॅमची दांडी काढून एक-दोन दाते पुढे बसवणे. अस्तर झिजले की पायडल खूप खाली जाते. दांडी पुढे बसवली की ते पुन्हा वर येते आणि ब्रेक ‘टाइट’ झाल्यासारखा वाटतो. पण अस्तर तर झिजलेलेच असते. कॅम आता पूर्वीपेक्षा जास्त फिरतो आणि एखाद्या दिवशी जोरात दाबल्यावर उभा राहून अडकतो. मग ब्रेक सुटतच नाही. खूण अशी, की ब्रेक पूर्ण दाबला असता कॅमची दांडी आणि तिला ओढणारी सळई किंवा केबल यांच्यातला कोन साधारण काटकोन असावा. काटकोनाच्या पुढे दांडी गेली की ताकद कमी होते. दाबून धरायला मुलाला सांगावे आणि स्वतः खाली बसून पाहावे. एवढ्यानेच निम्मे निदान होते.

आता चक्का खोलण्याविषयी. खोलल्यावर आत काळी भुकटी साचलेली दिसते. मिस्त्री लोक ती तोंडाने फुंकतात किंवा हवेच्या नळीने उडवतात. तसे करू देऊ नका. जुन्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असे, आणि त्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसली की पुढे मोठे दुखणे उद्भवते. ओल्या फडक्याने पुसावी, फडके जमिनीत पुरावे, आणि लेकरांना तेवढा वेळ दूर ठेवावे. दुसरे, अस्तराला रॉकेल, डिझेल किंवा तेलकट हात लागू देऊ नये. बेअरिंगमधले ग्रीस गळून अस्तर तेलकट झालेले असेल तर ते टाकूनच द्यावे. पेट्रोलने धुऊन किंवा चुलीवर भाजून ते पुन्हा कामाचे होते असे सांगणारे भेटतील; वरून सुकलेले दिसते, पण आत मुरलेले तेल ब्रेक गरम झाला की बाहेर येते.

मग अस्तराची जाडी मोजावी. सर्वसाधारणपणे २ मिलीमीटरवर आले की बदलायचे. खिळ्यांचे, म्हणजे रिव्हेटचे अस्तर असेल तर त्याच्याही आधी. कारण रिव्हेटचे डोके वर आले की ते ड्रमला चरे पाडते. आणि ड्रम खराब झाला की स्वस्तातले काम महागात जाते.

इथे जुन्या गाडीच्या मालकासाठी सर्वात महत्त्वाची गोष्ट येते. काढलेले जुने शू फेकू नयेत. मिस्त्रीच्या दुकानामागच्या ढिगात ते जाऊ देऊ नयेत. मागून घ्यावेत. ज्या गाडीचा कारखाना बंद झाला, तिच्या बाबतीत तो जुना शू म्हणजे नमुनाही आहे आणि कच्चा मालही.

नमुना म्हणून तो दुकानात न्यायचा. ड्रमचा आतला व्यास व्हर्नियरने मोजून कागदावर लिहायचा. व्हर्नियर आपल्याजवळ नसतो, पण कोणत्याही लेथवाल्याकडे असतो आणि मोजून द्यायला तो पैसे मागत नाही. त्याबरोबर अस्तराची रुंदी, खुंटीकडच्या टोकाची अर्धगोल खाच केवढी आहे, कॅमकडचे टोक किती जाड आहे, स्प्रिंगचा आकडा कोणत्या भोकात अडकतो, हे पाहायचे. नवा शू जुन्यावर पाठीला पाठ लावून धरला की फरक लगेच कळतो. दोघांत रुंदीचा फरक असला तर घेऊ नये. हे सारे जुळले तर पुड्यावर कोणत्याही गाडीचे नाव असले तरी चालेल. दुसऱ्याच गाडीचा शू एखाद्याला हुबेहूब बसल्याचे मी पाहिले आहे. उलट, योग्य नावाचा शू न बसल्याचे वर सांगितलेच.

पुड्यावर बनवणाऱ्याचे नाव, पत्ता, महिना-वर्ष आणि किंमत छापलेली असावी. शू आणि अस्तरे बनवणाऱ्या चांगल्या कंपन्या आपल्या देशात आहेत. त्यांचा माल चार पैसे जास्त घेऊन मिळतो. नुसत्या प्लास्टिकच्या पिशवीत, नाव-गाव नसलेला शू अर्ध्या किमतीत मिळाला तरी नको. पावती मागावी. पावती न देणाऱ्याकडचे कीटकनाशक घेऊ नका असे आम्ही सांगतो, तोच नियम इथे.

आणि कच्चा माल अशासाठी, की शूवर नवे अस्तर चढवता येते. शूचे ॲल्युमिनियमचे अंग सहसा झिजत नाही. झिजते ते वरचे अस्तर. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस या बाजूला कोळशाच्या खाणी, कागद कारखाना, वीज केंद्र आणि सिमेंट कारखाने असल्यामुळे लेथची आणि ट्रकांची कामे करणारे कारागीर आहेत. लायनिंग मारणाऱ्याकडे जुने शू दिले की तो अस्तर बदलून देतो. पण त्याच्याजवळ उभे राहून काही गोष्टी पाहाव्यात. ट्रकच्या अस्तराचा उरलेला तुकडा कापून तो फटफटीला लावू पाहील. ते अस्तर जड गाडीसाठी आणि भरपूर उष्णतेसाठी केलेले असते. आपल्या हलक्या गाडीत ते थंडपणी नीट पकडत नाही. दुचाकीचेच मागावे. रिव्हेट पितळेचे किंवा तांब्याचे असावेत, लोखंडी खिळा नसावा. ठोकायला मधून सुरुवात करून टोकांकडे जावे, म्हणजे अस्तर शूला चिकटून बसते. ठोकून झाल्यावर अस्तर आणि शू यांच्या मधे पोस्टकार्डाचा कोपरा शिरतो का पाहावे. शिरला तर काम परत. डोकी अस्तराच्या पृष्ठभागाच्या चांगली खाली असावीत आणि अस्तराच्या दोन्ही टोकांची धार कानशीने तिरपी केलेली असावी, नाही तर ब्रेक किंचाळतो आणि हिसका देतो.

मुळात चिकटवलेले अस्तर असेल तर गोष्ट वेगळी. ते कारखान्यात दाबून, भट्टीत तापवून चिकटवतात. दुकानात मिळणाऱ्या ट्यूबच्या डिंकाने ते घरी चिकटवण्याचा उद्योग करू नये. अस्तर धावत्या गाडीत सुटले तर चाक अडकते. त्या गाडीला तयार शूच शोधावेत.

ड्रमची तपासणी बोटांनी होते. आतून बोट फिरवावे. नख अडेल असा चरा असेल, किंवा कडेला उंच ओठ आला असेल, तर लेथवर हलका हात मारून घ्यावा. ब्रेक दाबताना लिव्हर हाताखाली धडधडत असेल तर ड्रम गोल राहिलेला नाही असे समजावे. मात्र लेथवाल्याला सांगावे की लागेल तेवढेच काढ. काही गाड्यांच्या ड्रमवर जास्तीत जास्त व्यास कोरलेला असतो; त्याच्या पुढे जाऊ नये. ड्रम मोठा झाला की जुन्या मापाचा शू फक्त मध्यभागी टेकतो. म्हणून ड्रम आधी, अस्तर नंतर, आणि लायनिंगवाल्याला नवे माप सांगायचे. ड्रमला तडा दिसला तर वेल्डिंगचा विचार करू नये. तो हब भंगार.

बेअरिंगचे मात्र सुख आहे. कारखाना बंद पडो की देश बदलो, बेअरिंग नंबरावर मिळते. त्याच्या कडेला आकडा कोरलेला असतो. ६२०२ असेल तर आतून १५, बाहेरून ३५ आणि रुंदी ११ मिलीमीटर; ६२०३ असेल तर १७, ४० आणि १२; ६३०२ असेल तर १५, ४२ आणि १३. जगात कोठेही हेच. विजेच्या छोट्या मोटारींतही ही बेअरिंगे असतात, म्हणून शेतीपंपाचे सामान विकणाऱ्याकडेही चौकशी करावी. ऑइल सीलवरही तीन आकडे असतात : आतला व्यास, बाहेरचा व्यास, रुंदी. सील नवे घालण्यात कंजुषी करू नये. आपल्याकडे बांधीतले पाणी रस्त्यावर, आणि नाल्याचे पाणी पुलावर. सील फाटले की बेअरिंगमध्ये पाणी आणि अस्तरावर ग्रीस, दोन्ही नुकसान एकदम.

कॅम बाहेर काढून पाहावा. त्याच्या सपाट बाजूंवर खड्डा पडला असेल, किंवा कॅम आपल्या भोकात डुगडुगत असेल, तर नवे शू घालूनही ब्रेक पोकळ लागेल. भोकात पितळी बुश करून बसवणे लेथवाल्याचे अर्ध्या तासाचे काम. कॅम नवा मिळाला नाही तर भंगारातून पूर्ण ब्रेक प्लेट घ्यावी. त्यात कॅम, दांडी, स्प्रिंग सारेच मिळते. भंगारवाल्याकडून चिठ्ठी लिहून घ्यावी. चोरीच्या गाडीचा भाग आपल्या गाडीला असणे बरे नव्हे. कॅमला ग्रीस लावायचे ते उष्णता सोसणारे, आणि काडीच्या टोकाएवढे. मूठभर लावले की ते अस्तरावर येते. स्प्रिंग नेहमी नव्या, आणि दोन्ही एका जोडीच्या.

केबलबद्दल थोडेच. ती जुन्या केबलला लावून, लांबी जुळवून घ्यायची. आतली तार एका ठिकाणी जरी तुटून काटे आले असतील तरी बदलायची. केबल न मिळाल्यास जुनी तशीच वापरण्यापेक्षा मापाने नवी करून घ्यावी. टोकाची घुंडी नीट डाख दिलेली असावी.

केबलवरून आठवले. आपल्याकडे कितीतरी गाड्यांची पुढच्या ब्रेकची केबल काढूनच टाकलेली असते. “पुढचा ब्रेक मारला की गाडी उलटते,” असा समज आहे. वस्तुस्थिती अशी, की ब्रेक लावताच गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचे चाक हलके होते. म्हणून थांबवण्याचे जास्त काम पुढचाच ब्रेक करतो. मागे कट्टा लादलेला असला तरी पुढचा हवाच. मोकळ्या मुरुमावर आणि चिखलात मात्र तो अलगद आणि चाक सरळ असताना लावायचा, वळणावर नाही. केवळ मागच्या ब्रेकवर गाडी चालवणारा माणूस अर्ध्या ब्रेकवर चालतो.

भाग कोठे शोधावेत? आपले जिल्हे लांबच लांब आहेत, तेव्हा सर्वांना एकच उत्तर नाही. ब्रह्मपुरी, नागभीड, वडसा या भागाला नागपूर सोयीचे. मूल, चामोर्शी, गोंडपिपरीला चंद्रपूर. सिरोंच्याच्या लोकांना चंद्रपूरपेक्षा तेलंगणातले मंचेरियाल जवळ. तिथे भागांची नावे तेलुगूत ऐकू येतील, पण हातात नमुना असला की भाषेची अडचण उरत नाही. कोरचीवाल्यांनी गोंदिया किंवा छत्तीसगडच्या बाजूला चौकशी करावी. भामरागडला पर्लकोटेचे पाणी पुलावर आले की कोठूनच काही येत नाही, म्हणून तिकडच्या मंडळींनी हे काम मिरगाच्या आधीच उरकावे. मोठ्या गावांत जुन्या फळीवरचा न विकलेला माल पडून असलेली दुकाने असतात. तिथला म्हातारा मालक किंवा जुना नोकर गाठावा, तरुण पोरगा “बंद झाला” म्हणून मोकळा होतो. प्रत्यक्ष जाणे नसेल तर शूशेजारी शाळेची मोजपट्टी ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो मोबाइलवरून दुकानदाराला पाठवावेत. मोजपट्टीशिवाय पाठवलेला फोटो निरुपयोगी. माल एसटीच्या पार्सलने मागवता येतो; पैसे पूर्ण देण्यापूर्वी न बसल्यास परत घेणार का, एवढे विचारून घ्यावे. फळीवरच्या जुन्या मालाचे अस्तर ठिसूळ झालेले नाही ना, कडेला नखाने खरवडून पाहावे. भुगा पडला तर शू घ्यावा, पण त्यावर अस्तर नवे चढवावे.

खर्चाचे म्हणाल तर २०२५-२६ च्या हमीभावाने साध्या धानाचा क्विंटल २३६९ रुपये, म्हणजे ४० किलोचा कट्टा ९४८ रुपयांच्या आसपास. ड्रम ठीक असतील तर दोन्ही चाकांचे शू, स्प्रिंगा, केबल आणि मजुरी असे काम तीन कट्ट्यांच्या आत बसावे असा माझा अंदाज आहे.

पुष्कळ तरुण विचारतात, जुन्या गाडीला डिस्क ब्रेक बसवून घेऊ का? माझे मत, नको. त्यासाठी पुढचा चिमटा, हब आणि चाक सारेच बदलावे लागते. गावच्या वेल्डिंगने चिमट्याला जोडलेला कान तुटला तर काय होईल याची कल्पना करावी. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. नोंदणीला १५ वर्षे झाली की दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, आणि त्या वेळी गडचिरोलीच्या किंवा चंद्रपूरच्या परिवहन कार्यालयात गाडी दाखवावी लागते. नीट जुळवलेला जुना ड्रम ब्रेक घरगुती वेगाला पुरतो.

काम झाल्यावर लगेच बाजाराला निघू नये. नवे अस्तर ड्रमच्या गोलाईला बसायला पहिले शे-दोनशे किलोमीटर जातात. तोवर ओझे कमी, वेग कमी, आणि मोकळ्या रस्त्यावर अधूनमधून हलके ब्रेक लावत जावे. पहिल्या दिवशी दोन किलोमीटर ब्रेक न लावता चालवून उतरावे आणि हबला हात लावून पाहावा. कोमट असेल तर शू घासतो आहे, नट अर्धा फेरा सैल करावा. चक्का उचलून हाताने फिरवला तर तो मोकळा फिरला पाहिजे. आणि नाला ओलांडला की ड्रममध्ये पाणी शिरते, त्या वेळी ब्रेक जवळजवळ नसतोच. पलीकडे आल्यावर गाडी हळू ठेवून दोन्ही ब्रेक थोडे दाबून धरत पन्नास-शंभर पावले जावे, म्हणजे अस्तर गरम होऊन सुकते. पकड आली असे हाताला कळले की मगच गिअर वाढवावा.